पाणसळीतलं अंगण

सत्तारभाईची टायरगाडी खड्ड्यातून गेली तरी एका अंगावर झुकत नाही, हे गेवराईत कुणीही सांगेल. सांगून झालं की तोच माणूस थोडं हसेल आणि पुढचंही सांगेल, की त्याच सत्तारभाईच्या वर्कशॉपवर दरवर्षी तळं साचतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्हींना कारण एकच होतं. ते कारण म्हणजे सत्तारभाईची पाणसळ.

पाणसळ म्हणजे हातभर लांबीची लाकडी पट्टी, तिच्या पोटात काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात हवेचा एक बुडबुडा. बुडबुडा मधल्या दोन रेघांत थांबला की वस्तू सपाट. ही पट्टी त्याला त्याच्या उस्तादानं दिली होती आणि ती तो कुणाच्या हातात देत नसे. ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या बांधणं हा त्याचा धंदा. गाडीचा आस जरासा कलला, तर भरल्या उसाचं सगळं वझं एकाच बैलाच्या मानेवर येतं. उस्ताद म्हणायचा, "बैल तक्रार करत न्हाई, म्हणून तर आपण बघायचं." सत्तारभाईनं हे इतकं मनावर घेतलं की पुढे तो घरातली कपाटंही पाणसळ लावून ठेवू लागला. जेवताना ताट कललेलं दिसलं तर खाली जमिनीकडे रागानं बघायचा.

पूर्वी रस्त्याच्या कडेला त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि घरापुढे अंगण. अंगणात एक मोठा कडुलिंब. शहजादी चकलांब्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला या घरातलं आवडलं ते फक्त हे झाड. आल्या आल्या तिनं कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी लिंबाच्या खोडात एक लांब खिळा ठोकला. तोही स्वतःच्या हातानं, आणि थोडा वाकडा. सत्तारभाई तो वाकडा खिळा सरळ करायला गेला, तेव्हा तिनं हातोडी हिसकावून घेतली होती. घरात दोघं दखनी बोलत. पण शहजादी चिडली की हटकून मराठीवर यायची, कारण भांडायचं कसं हे ती चकलांब्याच्या बायांकडून शिकली होती. त्या दिवशी ती मराठीत म्हणाली, "गाड्या तुमच्या. झाड माझं."

पुढे गाड्यांची कामं वाढली आणि जागा कमी पडू लागली. अंगणावर वर्कशॉप बांधायचं ठरलं, म्हणजे लिंब जाणार. शहजादीनं दोन दिवस तोंड उघडलं नाही. तेव्हा सत्तारभाईनं तिला शब्द दिला, "खालचं अंगण घेतो, वरचं देतो. एकदा स्लॅब पडू दे. वर तुझं अंगण. खालच्यापेक्षा मोठं, आणि वर कुण्या गिऱ्हाइकाची कटकट न्हाई." तिनं विश्वास ठेवला. लिंब आरा मशीनवर गेला, तिथं पातं तिच्या खिळ्यावर आपटलं आणि त्याचे दात गेले, म्हणून मशीनवाल्यानं सत्तारभाईला चारचौघांत झापलं. त्या फळ्यांची सत्तारभाईनं नव्या वर्कशॉपमधली पहिली गाडी केली आणि ती चकलांब्याच्या गहिनीनाथला दिली. झाड गेलं ते निदान माहेरी गेलं, असं शहजादीनं स्वतःला समजावलं.

स्लॅब टाकायला मिस्त्री आला तोही चकलांब्याचाच, अजिनाथ नावाचा. त्यानं रीतसर सांगितलं, की मागच्या बाजूला ढाळ देऊ, पाणी वाहून जाईल. सत्तारभाईला ते ऐकूनच चीड आली.

"माझ्या डोक्यावर वाकडं छत? उद्या लोकं म्हणतील, दुनियेच्या गाड्या सरळ करतो आन् याचंच घर कललेलं."

"अहो सत्तारभाई, छताला ढाळ लागतोच. गाडी येगळी, छत येगळं."

"तुमच्या हाताला लेव्हल न्हाई असं म्हणा की सरळ."

झालं. मिस्त्रीच्या हाताला लेव्हल नाही म्हटल्यावर अजिनाथनंही हट्ट धरला. दिवसभर दोघं मिळून पाणसळ घेऊन फिरत होते, इथं टेकू वर कर, तिथं खाली कर, आणि संध्याकाळी जो स्लॅब झाला तो असा सपाट की गेवराईत दुसरा सापडायचा नाही. पावसाळा आला आणि पाणी तसंच्या तसं वर उभं राहिलं. अजिनाथ बघायला आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "सत्तारभाई, तुमचा स्लॅब इतका लेव्हल हाय, की पाण्याला कुठं जावं तेच कळना." पाणी जागचं हललं नाही, हे वाक्य मात्र बाजारात पोहोचायला वेळ लागला नाही.

शहजादी एकदाच शिडीनं वर चढली. पाण्यात तिला आभाळ दिसलं, एक बेडूक दिसला आणि भिजलेल्या आपल्या सपाता दिसल्या. ती खाली उतरली आणि मराठीत म्हणाली, "हे तळं हाय, अंगण न्हाई. मी काय बदक न्हाई. जवा बसायला जागा हुईल तवाच वर पाय ठेवीन."

तो दिवस आणि आजचा दिवस. मधल्या काळात त्यांची मुलगी तरन्नुम जन्मली, शिकली, आयटीआयमधून नकाशे काढायला शिकून बापाच्या हाताखाली कामाला लागली. छतावर झिजलेले टायर, मोडकी चाकं आणि गंजलेले पत्रे चढत गेले. गळायला लागलं की सत्तारभाई वर डांबर ओतायचा आणि ढाळाचा विषय निघाला की कानावर हात ठेवायचा. शहजादीनं अंगणाचं नाव पुन्हा काढलं नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला कैकदा वाटलं होतं.

मग तिचे गुडघे गेले. बीडच्या डॉक्टरनं हाडं तपासली आणि सांगितलं, की गोळ्या देतो, पण सकाळच्या उन्हात रोज बसायचं. शहजादीनं मान डोलावली. डॉक्टरला काय माहीत, की मागच्या दोन खोल्यांत ऊन यायचा रस्ता वर्कशॉपनं कधीच बंद केलाय. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि वर्कशॉपच्या शटरबाहेर, एका गाडीचा सांगाडा आणि हवेच्या मशीनच्या मधे, हायवेकडे तोंड करून ती बसली.

सत्तारभाई आतून बघायचा. ऊन सरकलं की ती स्टूल सरकवायची. धूळ उडाली की ओढणी तोंडावर घ्यायची. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिलाच विचारायचं, "सत्तारभाई हायेत का?" ती आत बोट दाखवायची आणि थोडी बाजूला सरायची. स्वतःच्या दारात स्वतःच्या बायकोला बाजूला सरताना बघितलं की तो वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घ्यायचा. गाडीचा आस जिथं कलला तिथं बोट ठेवणारा हा माणूस, स्वतःचं कुठं कललंय तिथं बोट ठेवायला तयार नव्हता.

एकदा जेवताना तरन्नुमनंच विषय काढला.

"अब्बा, छतावर कोबा करून मागं ढाळ देऊ. त्याच्यावर लोखंडी सांगाडा आन् सांगाड्यावर फळ्या. फळ्यात फटी ठेवायच्या. पाणी फटीतून खाली जाईल आन् ढाळावरनं वाहून जाईल. वरची फळी मात्र पाणसळीत. ढाळ खाली, लेव्हल वर."

"माझ्या स्लॅबला ढाळ द्यायचा?" सत्तारभाईनं घास खाली ठेवला.

"तुमच्या स्लॅबला कोण हात लावतंय? त्याच्यावर देऊ."

"एकदा न्हाई म्हणलं न्हाई." तो उठून गेला. शहजादीनं त्याचं ताट उचललं, एवढंच.

त्यानंतर काही दिवसांनी ते बोरांचं झालं. हिवाळ्याची सकाळ होती, दसऱ्याला गाड्या कारखान्यांकडे निघून गेल्या होत्या आणि वर्कशॉपमध्ये फारसं काम नव्हतं. शहजादी स्टुलावर बसून मांडीवरच्या पाटीतली बोरं निवडत होती. एक टेंपोवाला थांबला, खाली वाकला आणि म्हणाला, "मावशी, बोरं कशी दिली?"

सत्तारभाई आत वेल्डिंगची काच वर करून ऐकत होता. त्याला वाटलं, आता ही मराठीतून त्या टेंपोवाल्याचा उद्धार करणार. पण शहजादीनं ओंजळभर बोरं त्याच्या हातात टाकली आणि म्हणाली, "घे बाबा. अशीच घे." तो खूश होऊन गेला. शहजादीनं पाटी उचलली, स्टूल उचललं आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर बसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. स्टूल स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसलं. गुडघ्याला तेल लावताना सत्तारभाईनं विचारलं, "उन्हात कावून बसत न्हाई?" तर ती म्हणाली, "लई बसले."

त्या दोन शब्दांनी त्याचं जे केलं ते सगळ्या बाजाराच्या हसण्यानं केलं नव्हतं. लाज वाटली त्याला, आणि ती कुणाची नाही, स्वतःची. त्यानं मोटारसायकल काढली आणि थेट चकलांबा गाठला.

अजिनाथ आता काम मुलांवर सोडून ओट्यावर बसत असे. सत्तारभाईला दारात बघून तो उठलाच.

"सत्तारभाई! वाट चुकलात का?"

"काम हाय." सत्तारभाई उभ्यानंच बोलला, कारण बसलो तर बोलणं राहून जाईल अशी त्याला भीती होती. "छताला ढाळ द्यायचाय."

"काय द्यायचाय?"

"ढाळ."

"जरा मोठ्यानं बोला. म्हातारपणी ऐकू कमी येतंय."

"ढाळ द्यायचाय बे! ढाळ! सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे!" सत्तारभाई ओरडला आणि शेजारचं कुत्रं उठून पळालं. अजिनाथ पोट धरून हसला. हसणं थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की समोरचा माणूस हसत नाहीये. तेव्हा त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच विचारलं, "आक्कासाठी?"

"तिच्यासाठीच. तिला ऊन न्हाई बसायला."

"मग एवढी वर्षं कशाला लावली, येड्या माणसा," अजिनाथ म्हणाला. "उद्याच येतो."

परतीच्या वाटेवर गहिनीनाथचं घर. त्याची मुलं आता ट्रॅक्टरवर ऊसतोडीला जात, गाडी केव्हाच मोडीत गेली होती. सत्तारभाई सहज म्हणून डोकावला आणि दारातच थबकला. शेळ्यांच्या गोठ्यात, शेळ्यांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून, खाली जाडजूड फळ्या टाकल्या होत्या. त्या कुणाच्या, हे सांगायची गरज नव्हती. नव्या वर्कशॉपमधल्या त्या पहिल्या गाडीचा तळ होता तो. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानंच तो काढून त्या जागी लोखंडी पत्रा बसवला होता आणि गहिनीनाथ फळ्या घरी घेऊन आला होता. सत्तारभाई गोठ्यात शिरला, शेळ्या बाजूला सारल्या आणि एक एक फळी हातानं पुसत गेला. एकीवर मधोमध एक काळा गोल डाग होता, आणि डागाच्या पोटात लोखंडाचा तुकडा अजून रुतलेला. झाड कापलं गेलं तरी शहजादीचा खिळा कुणाला निघाला नव्हता.

"गहिनीनाथ, ह्या मला पायजेत. काय घ्यायचं ते घे."

गहिनीनाथनं कारण विचारलं आणि सत्तारभाईनं सांगितलं. गहिनीनाथची बायको मंजुळाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं नवऱ्याला बोलूच दिलं नाही.

"घ्यायचं काय? लेकीच्या घराचं अंगण होतंय, माहेरचं काय तरी नको का जायला? ह्यो आहेर समजा." तिनं शेळ्या अंगणात हाकलल्या, फळ्या धुवून काढल्या आणि प्रत्येकीला हळदीचं बोट लावलं. पूर्वी गाडी कारखान्याला निघताना ती जू आणि चाकांना हळद लावायची, अगदी तशीच. "किती कारखाने बघितलेत ह्या फळ्यांनी," ती म्हणाली. "पोरं ह्यांच्यावरच झोपायची माझी. आता जरा एका जागी बसू द्या म्हणावं."

फळ्या टेंपोत घालून घरी आणल्यावर सत्तारभाईनं त्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवल्या आणि त्यातली डागाची फळी कुणाला दाखवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून छतावर जत्रा भरली. टायर, चाकं, पत्रे खाली आले. अजिनाथनं विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला आणि मागच्या बाजूला ढाळ काढला. काढताना दर थोड्या वेळानं तो सत्तारभाईकडे बघायचा, की हा माणूस पाणसळ घेऊन येतोय की काय. सत्तारभाईनं पाणसळ खाली कपाटात कुलूप लावून ठेवली होती, आणि किल्ली तरन्नुमकडे दिली होती. स्वतःची भीती वाटते माणसाला कधी कधी.

कोबा पक्का झाल्यावर पाण्याची पिंपं वर चढवली. अजिनाथ म्हणाला, "ओता तुमीच." सत्तारभाईनं पिंप आडवं केलं. पाणी पसरलं, क्षणभर जागच्या जागी थांबलं, आणि मग सगळंच्या सगळं मागच्या कोपऱ्याकडे निघालं. पन्हाळातून धार लागली आणि खाली नालीत पडू लागली. सत्तारभाई तिथंच उकिडवा बसून बघत राहिला. एवढ्या वर्षांत आपल्या छतावरून पाणी जाताना त्यानं पहिल्यांदा बघितलं होतं. "जातंय की," तो पुटपुटला. "कसं शिस्तीत जातंय बघ." अजिनाथनं पाठ फिरवून थापी धुवायला घेतली, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

त्यानंतर मात्र सत्तारभाईला कुणी आवरू शकलं नसतं. तरन्नुमनं नकाशा काढला. खाली जिथं भिंती, वर तिथंच सांगाड्याचे पाय, म्हणजे स्लॅबवर भार नको. पायाखाली जुन्या टायरचे तुकडे, म्हणजे कोब्याला भोक नको. प्रत्येक पायाला गाडीचा बोल्ट, म्हणजे फिरवला की पाय वर-खाली. किल्ली परत मिळाली आणि पाणसळ बाहेर आली. सत्तारभाई बोल्ट फिरवायचा, तरन्नुम बुडबुडा बघायची. "अजून जरासं, अब्बा. अजून. बास!" बापलेकीचं हे बास, बास दिवसभर चालायचं आणि खालून जाणारे लोक वर बघून हसायचे. चहाच्या गाड्यावरून एकानं हाक दिली, "सत्तारभाई, ह्या वक्ताला मासे कुठले सोडणार?" सत्तारभाईनं वरूनच उत्तर दिलं, "ये वर, तुलाच सोडतो!"

फळ्या मात्र कमी पडत होत्या. ती बातमी चकलांब्याहून आजूबाजूला गेली आणि मग त्यानं बांधलेल्या जुन्या गाड्यांचे मालक एकेक करून येऊ लागले. कुणी बाभळीच्या फळ्या आणल्या, कुणी सागाच्या. कुणी नुसतीच एक फळी मोटारसायकलवर आडवी बांधून आणली आणि म्हणाला, "आमची बी एक लावा." सत्तारभाईला प्रत्येक फळी ओळखू यायची. हिचा बैल पांढरा होता, हिची गाडी घाटात उलटली होती पण आस वाकला नाही, हिच्या मालकानं पोरीचं लग्न ह्याच गाडीवर केलं. तरन्नुम म्हणाली, "अब्बा, लाकूड बोलतंय का तुमच्याशी?" तो म्हणाला, "मी बोलतोय. ते ऐकतंय." त्या दिवसांत सत्तारभाईची छाती जरा जास्तच फुगलेली असायची, आणि खरं सांगायचं तर फुगायला कारण होतं. आयुष्यभराचं काम एका जागी समोर आलेलं किती जणांना बघायला मिळतं?

शेवटी उरला जिना. शहजादीचे गुडघे शिडी चढणार नव्हते. सत्तारभाई दोन दिवस स्वयंपाकघराच्या दारात काही ना काही निमित्त काढून उभा राहत होता. शेवटी शहजादीच म्हणाली, "काय पायजे तुमाला? सारखं कावून येता?" त्याला काही नको होतं. ती उंबरा ओलांडताना पाय किती उचलते आणि कितीवर तिचं तोंड आंबट होतं, एवढंच बघायचं होतं. स्वयंपाकघराचा उंबरा ती विनासायास ओलांडायची, मोरीच्या कट्ट्यावर मात्र भिंत धरायची. झालं, पायरी उंबऱ्याएवढी. एवढ्या बुटक्या पायऱ्या करायच्या म्हटल्यावर जिना लांबत गेला, एका भिंतीवरून निघून कोपऱ्यावर वळला आणि दुसऱ्या भिंतीला लागला. गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायची जागा त्यात गेली. "किल्ला बांधताय का?" लोक विचारायचे. "व्हय," तो सांगायचा. "राणीसरकारांसाठी."

शहजादी या सगळ्यात एकदाही बाहेर आली नाही. अजिनाथ माहेरचा माणूस म्हणून त्याला रोज गरम भाकरी मिळायची, आणि एवढंच एकदा तिनं त्याला विचारलं होतं, "ढाळ दिला का खरंच?" तो म्हणाला, "आक्का, त्यांनीच मागितला." तिनं तव्यावरची भाकरी उलटायला जरा जास्तच वेळ घेतला.

काम पुरं झालं. कठडा बसला, लोखंडाला निळा रंग लागला, फळ्यांना तेल पाजलं. शेवटच्या पायाचा बोल्ट आवळून सत्तारभाईनं पाणसळ इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी सगळ्या फळ्यांवर ठेवली. बुडबुडा कुठंही हलला नाही. आता फक्त जिच्यासाठी केलं तिनं यायचं होतं. सत्तारभाईनं तरन्नुमला खाली पाठवलं, "अम्मीला सांग, वर ऊन आलंय."

तरन्नुम परत आली. "अम्मी म्हणती, ज्यानं कबूल केलतं त्याच्या तोंडाला काय झालं?"

सत्तारभाई चिडला. एवढं केलं ते दिसत नाही का? दिवसभर तो खाली-वर करत राहिला, पण स्वयंपाकघराकडे गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऊन आलं, फळ्या तापल्या, त्यांचा जुना गोडसर वास सुटला, आणि त्या सगळ्या उन्हात सत्तारभाई एकटा उभा होता. एवढी मोठी जागा एकट्याला खायला उठली. आपण ढाळ मागायला चकलांब्याला गेलो, तिथं एवढं ओरडलो, आणि जिला शब्द दिला तिच्यापुढे उभं राहायचं मात्र टाळतोय, हे त्याच्या ध्यानात आलं. पाणसळ जिन्याच्या तोंडाशी ठेवून तो खाली उतरला.

शहजादी पीठ मळत होती. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"शहजादी," तो म्हणाला आणि थांबला. मग एका दमात बोलून टाकलं, "मी तुला अंगण कबूल केलतं आन् तळं दिलं. अजिनाथ तवाच सांगत होता, मी ऐकलं न्हाई. लई उशीर झाला. पण झालंय आता. चल."

शहजादीनं हात धुतले. ओढणीला पुसले. चहा उकळला होता तो तिनं कपात गाळला, वर बशी झाकली आणि निघाली. तरन्नुम मागून स्टूल घेऊन आली. तीन-चार पायऱ्या झाल्यावर शहजादी थांबली. गुडघा दुखत नव्हता म्हणून थांबली. तिनं खाली पायरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"ही पायरी माझ्या उंबऱ्याएवढी हाय."

"तुझा पाय तेवढाच उचलतो," सत्तारभाई म्हणाला.

"म्हणून दारात उभं राहत होता व्हय," ती म्हणाली, आणि राहिलेला जिना तिनं कठड्याला हात न लावता चढला.

वर ऊन पसरलेलं होतं. शहजादीनं सपाता काढल्या आणि अनवाणी फळ्यांवर पाय ठेवला. ऊन बघून ती बसली, स्टुलावर नव्हे, खालीच. बशी फळीवर ठेवली आणि तिच्यात काठोकाठ चहा ओतला. बाप आणि लेक दोघं वाकून बघत होते. चहा बशीच्या कडेला सगळीकडून सारखा लागला होता, एक थेंब कुठून सांडला नाही. शहजादीनं बशी उचलून फुर्रकन चहा प्यायला.

"हाय लेव्हल," ती म्हणाली.

सत्तारभाईला कुणी एवढं मोठं सर्टिफिकेट आजवर दिलं नव्हतं. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

बशी परत ठेवताना तिचा हात थांबला. फळीवर एक काळा गोल डाग होता. तिनं तो बोटानं चाचपला. आत लोखंड लागलं, थोडं वाकडं. तिनं आजूबाजूच्या फळ्यांवरून हात फिरवला, हळदीचा पिवळा ठिपका अजून एका कडेला होता. सकाळचं ऊन जिथं सगळ्यात आधी येतं तिथं सत्तारभाईनं या फळ्या बसवल्या होत्या, आणि ती आपल्या पायानं येऊन नेमकी तिथंच बसली होती.

"हा माझा खिळा हाय," ती म्हणाली. "हे माझं झाड हाय."

"गहिनीनाथकडनं आणलं. मंजुळाबाईनं आहेर दिला. खिळा सरळ केला न्हाई मी," सत्तारभाई घाईघाईनं म्हणाला. "तसाच ठेवलाय."

शहजादी हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. तरन्नुमनं तोंड रस्त्याकडे फिरवलं. सत्तारभाई आधी उभा राहिला, मग हळूच येऊन बायकोशेजारी फळीवर बसला. दिवसाढवळ्या, कामाच्या वेळी, तेल लागलेल्या कपड्यांत तो असा कधी बसला नव्हता. शहजादीनं उरलेला चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला.

खाली एक मोटारसायकल थांबली. शटरपाशी कुणाच्या तरी चपला घासल्या आणि हाक आली, "सत्तारभाई हायेत का?"

सत्तारभाई सवयीनं उठायला गेला. शहजादीनं त्याचा हात धरून खाली बसवला. मग ती स्वतः उठली, कठड्यापाशी गेली, दोन्ही हात निळ्या लोखंडावर ठेवून खाली वाकली आणि अख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाली, "हायेत की. माझ्या अंगणात बसलेत. या वर!"